दुसरा राउटर

३ फेब्रु., सोम.
डाळमिलमध्ये पुन्हा तेच. वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर बंद, बिलिंगचा चालू. चहा पिऊन येते तोवर उलटं. तुरीच्या गाड्या गेटबाहेर रस्त्यापर्यंत. मिलचे मालक नाना एरवी शांत, आज सगळ्यांदेखत म्हणाले, "ताई, जमत नसेल तर सांगून टाका." कानशिलं तापली. माझ्या एकटीच्या नावावरचं हे नेटवर्कचं पहिलं काम. हे गेलं तर जळगावच्या एमआयडीसीत कोण उभं करेल मला?

४, मंगळ.
मेन राउटरचं सेटिंग बरोबर. तो कॉम्प्युटरना वाटतो ते पत्ते १०च्या मालिकेतले, मीच लावलेले. पण काट्याच्या कॉम्प्युटरला पत्ता ०च्या मालिकेतला! म्हणजे कुठेतरी दुसरा राउटर आहे आणि तोही पत्ते वाटतोय. त्याचा पत्ता घेतला की नेट गेलं. कुणीतरी वायफायसाठी घरचा आणून लावला असणार, वायर भलत्याच खाचेत. नेहमीचा घोळ.
विजूभाऊंना फोन केला. दुकान आमचं दोघांचं, धुळं ते बघतात, जळगाव मी. म्हणाले, दुसरा-बिसरा काही नसेल, मेनच बदल. आश्चर्य वाटलं. डीएचसीपी, म्हणजे हे पत्ते वाटणं, एकाच ठिकाणी चालू ठेवायचा, हे यांनीच तर मला शिकवलं.

५, बुध.
सापडला. काट्याच्या केबिनमध्ये, फॉल्स सीलिंगच्या पत्र्यांवर. धूळ नाही, नवाकोरा. लॅपटॉप जोडला. पासवर्ड काय असेल? अॅडमिन नाही. कंपनीचा नाही. सहज म्हणून आमच्या दुकानाचा टाकला.
उघडला.
तो पासवर्ड मला माहीत आणि विजूभाऊंना. बस्स.
शिडीवरच बसून राहिले. काटेवाले आबा खालून म्हणाले, "भाऊ उनथा ना रविवारले, तुले नही सांगं?" रविवारी भाऊ येऊन गेले! नाही सांगितलं आबा.
डीएचसीपी बंद केला. काटा चालू, बिलिंग चालू, गाड्या सरकल्या. आनंद औषधालाही नाही.

६, गुरू.
फोन केला. आधी भाऊंची उडवाउडवी. मग म्हणतात, "अगं, दोन-चार दिवस अडलं असतं, नानांनी मला बोलावलं असतं, एवढंच. माझ्या भाच्याला कामाला लावायचं होतं तिथे. तुला दुसरं काम दिलंच असतं ना."
दिलंच असतं! मी काय भिकारी आहे? वर आवाज असा, की मीच समजून घ्यायला हवं. नानांना तर महिनाभर आधीच सांगून ठेवलंय, हेही स्वतःच बोलून गेले: पोरगी चांगली आहे पण झेपायचं नाही तिला. सख्ख्या भावाच्या वर मानलं या माणसाला. आईने घरच्यासारखं ताट वाढलं त्यांना. संताप आणि रडू, दोन्ही एकदम. फोन कापला.

८, शनि.
नानांनी विचारलं, कुणाचा होता तो राउटर? शोधते म्हटलं. सोमवारी उत्तर हवंय त्यांना. भाऊंचं नाव घेतलं तर पाटीवरचं माझंही जातं, दुकान एकच. नाही घेतलं, तर बिघाड माझाच ठरतो आणि भाचा येतो.
आई सकाळपासून बघतेय, ही गप्प का. तिला काही सांगितलेलं नाही. शेवटी म्हणाली, "इतलं काय अडनं? विजूले इचार ना, त्याले बठ्ठं समजस."
खरंय, सगळं समजतं त्यांना. इतकी वर्षं काहीही अडलं की पहिला फोन त्यांनाच. आत्ताही नंबर काढून बसलेय, सोमवारी नानांना काय सांगू ते विचारायला.