धाग्यातच रोग हाय

जिंतूर, ऑगस्ट १९९२

सौ. विहीणबाई छबूबाई यांस चतुराबाईचा नमस्कार आणि तुमच्या नव्या नातीचा दुधाळ ढेकर. राणीसावरगावी आपल्या गुडघ्यांची व म्हशीची प्रकृती कशी आहे? (व्याह्यांची विचारत नाही. त्यांचा आवाज इथवर येतो, म्हणजे ठणठणीत असणार.)

बाळाचं नाक तुमच्यावर गेलंय, आवाज व्याह्यांवर. जन्मल्या दिवशीच तिला काविळीची सुई दिली, त्यावरून घरात जे रामायण झालं ते ऐका. बाळ पिवळं नाही, मग सुई कशाला, असं माझ्या सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या बिचाऱ्या समजावू लागल्या, की माझ्या सरजाच्या रक्तात या काविळीचा विषाणू गुपचूप बसलाय आणि बाळंतपणात तो बाळाकडे जातो. यकृताच्या पेशींचा जो मूळ धागा असतो, त्यातच आपला धागा शिवून टाकतो, गोधडीत परका टाका बसावा तसा. मग कधी त्या टाक्यापाशी पेशी बेताल वाढतात, गाठ होते. क्वचित लहान लेकरांनाही.

सासूबाईंना ऐकू आलं एवढंच, की धागा वाईट. घरी येताच त्यांनी कात्री काढली. पाळण्याचा काळा दोरा गेला, माझ्या हातातला गंडा गेला, आणि (कसं लिहू?) ओसरीवर झोपलेल्या मामंजींचा करगोटाही गेला.

"आवं, डागदरीण म्हणली, धाग्यातच रोग हाय!"

"आगं पन लंगोट कशाला अडकवू आता? तुज्या नाकाला?"

नेमक्या तेव्हाच शेजारणी बाळ बघायला दारात उभ्या. सरजा तर पोट धरून हसली. रक्ताचा रिपोर्ट आल्यापासून पहिल्यांदाच.

महिन्याची सुई झाली, की सव्वा महिना भरताच मायलेकींना पाठवते.

आपली विहीण,
चतुराबाई

ता. क. तपासणीत माझ्याही रक्तात तेच निघालं. सरजाला ते माझ्याकडूनच आलं असणार. माझा मुंजाजी आठव्या वर्षी पोटातल्या गाठीनं गेला, तुम्हाला ठाऊकच आहे. ती गाठ याच टाक्याची होती का, आता कोणी सांगू शकत नाही. म्हणून विनंती, सहाव्या महिन्याची सुई तुमच्याकडे असताना चुकू देऊ नका.

ता. क. दुसरा. जावईबापूंनीही रक्त तपासून सुई घ्यावी. (ते सुईला भितात हे सरजानं सांगितलं नाही.)

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं याचसाठी. सोबत जेवल्यानं हा रोग लागत नाही. सरजाचं ताट वेगळं ठेवू नका. सासूबाई म्हणतात, ठेवलंत तर त्या स्वतः येऊन महिनाभर तिच्याच ताटात जेवतील. त्यांची भूक तुम्ही लग्नात पाहिली आहे.