चतकोर दुखणं

माय, तू जिवंत होतीस तेव्हाच आम्हा पाच बहिणींची नावं एकमेकींना चिकटवायचीस. आता मेल्यावर मी कोणती हे तुला काय आठवणार? मी तिसरी, कळमेश्वरला दिलेली. लिहून घेते आहे ती माझी नात. मी 'मले' म्हटलं की ही 'मला' लिहिते असा मला दाट संशय आहे, पण अक्षरच कळत नाही तर पकडू कशी?

तर दिवाळीनंतर नागपूरच्या दवाखान्यात माझी छाती कापली. डाव्या फुफ्फुसात पाण्याची गाठ होती, ती काढली. काखेखालून पाठीपर्यंत टाके, बाजूला नळी. शुद्धीवर येते तर उशाशी एक सिस्टर उभी. म्हणते, "आजी, किती दुखून राहिलं? चतकोर, अर्धी का सगळी भाकर?"

अडाणी बायांचं दुखणं ती भाकरीनं मोजते, एवढं मला कळलं. पण मोजते काहून, ते कळेना. सगळी म्हटलं तर पुन्हा कापतील, नाहीतर सुई देऊन गुंगवतील आणि घरातल्या सगळ्या गोष्टी तोंडून काढून घेतील. शिवाय तूच शिकवलंस, परक्याच्या पंगतीत कितीही भूक असो, चतकोरच मागायची. मी म्हटलं, "चतकोर."

तीन दिवस मी चतकोरच सांगत राहिले. खोकला आला की दात आवळून गिळायची, कारण खोकलं की बरगड्यांत विळा फिरायचा. श्वाससुद्धा चोरून घ्यायची. मग ताप चढला. डॉक्टरांनी पाठ ऐकली आणि माझ्या मुलाला म्हणाले, "या खोकल्या नाहीत तर कफ साचेल, फुफ्फुस उघडणार नाही. मग आमच्या हातात फार काही राहणार नाही." मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सिस्टर माझ्याकडे बघत होती.

"चतकोर दुखणारी बाई असा श्वास चोरत नाही, आजी. खरं सांगा."

"तुले काय करायचं वं?"

"मले तुमच्याकडून खोकून घ्यायचं हाय. दुखणं चढायच्या आधी सुई घ्यायची, ती लागू झाली की उशी टाक्यांवर दाबून खोकायचं."

"दुखायच्या आधीच औषध? भूक नसताना कोणी जेवू घालते का?"

"भाकर करपल्यावर उलटून काय फायदा?"

तेव्हा तू आठवलीस. मी माहेरपणाला आले होते. तू छातीवर हात दाबून उंबऱ्यात बसली होतीस. मी विचारलं, "माय, दुखते का वं?" तू म्हणालीस, "थोडंसंच. तू जाय." मी बाजारातून परत आले तेव्हा तुला अंगणात काढून ठेवलं होतं.

मी सिस्टरला म्हटलं, "सगळी. अन् वरून अर्धी."

तिनं सुई दिली. थोड्या वेळानं मला उठवून बसवलं, उशी कवटाळायला लावली, पाठीवर हात ठेवला. मी खोकले. दुखलं, पण विळा बोथट झाला होता. मग घड्याळ बघून ती येतच राहिली. ताप उतरेपर्यंत तिनं माझी पाठ सोडली नाही. सुईच्या गुंगीत मी काय बोलले ते मात्र घरी सोडेपर्यंत सांगितलं नाही, नुसती हसायची. तिचा मला पूर्ण भरवसा नाही.

तुझा तरी कुठं होता? तुझं 'थोडंसं' मला तेव्हाच खोटं वाटलं होतं, माय. ओठ काळे पडले होते तुझे. पण मैत्रिणी वाटेवर थांबल्या होत्या, मला बाजाराला जायचं होतं, म्हणून मी ते खरं धरलं. हे नातीलाही आजच कळलं. तिची लेखणी थांबली आहे.

पत्र काही टाकायचं नाही, पेटीत लुगड्यांखाली ठेवीन. पण तुला तिकडून काही पाठवता आलंच, तर बोरकूट पाठव, कोरडंच. ठसका लागतो म्हणून घरात मला कोणी देत नाही. लागू दे.