दादाची अकरा वर्षं आणि एक राखाडी खिडकी

३ फेब्रुवारी, सोमवार

दादाचा कॉम्प्युटर आज दोनदा आपोआप बंद पडला. तिसऱ्यांदा सुरू झाला, तरी दादा हात मांडीवर ठेवून नुसता बसून राहिला. त्या डब्यात त्याची अकरा वर्षं आहेत — शाळेची गणिताची, विज्ञानाची पुस्तकं, एकेक ओळ त्याने ब्रेलमध्ये उतरवलेली. दुसरी प्रत कुठेही नाही. "घेऊ की बॅकअप, काय घाई आहे" असं म्हणत मीच टाळत आले.

आता बॅकअपचं सॉफ्टवेअर निवडायचं काम माझ्याकडे. घरात डोळे माझेच चालतात म्हणून!

४ फेब्रुवारी

इथेच लिहिते, दुसरीकडे बोलायची सोय नाही. दूरच्या शहरातल्या प्रकाशन संस्थेने मला नोकरी देऊ केली आहे. अठ्ठावीस तारखेपर्यंत उत्तर हवंय. दादाला सांगितलेलं नाही.

स्वयंपाक, कपडे, रस्ता — यात त्याचं माझ्यावाचून काही अडत नाही. उलट माझा चष्मा तोच शोधून देतो. अडतं ते फक्त कॉम्प्युटर रुसला की. तेव्हा "चिमे" अशी हाक येते. म्हणजे सॉफ्टवेअर असं हवं, की बिघडलं तरी ती हाक मारावी लागू नये. तसं मिळालं तर जाईन. नाही मिळालं तर नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

पहिलं सॉफ्टवेअर आणलं. दिसायला काय देखणं! दादाने पोपट सुरू केला — पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या आवाजाला आम्ही पोपट म्हणतो. पोपट म्हणाला, "बटण. बटण. बटण. बटण." बनवणाऱ्यांनी एकाही बटणाला नाव दिलेलं नाही, नुसती चित्रं.

दादा म्हणाला, "वरून कीर्तन, आतून तमाशा. काढून टाक."

९ फेब्रुवारी

दुसरं. पोपट याच्यात घडाघडा बोलतो. मी डेस्कटॉपवरची सगळी पुस्तकं निवडली, बाहेरची डिस्क जोडली, बटण दाबलं. "बॅकअप यशस्वी." मी टाळी द्यायला हात पुढे केला आणि मग आठवलं, याला दिसत नाही.

दादा डिस्कवर तळहात ठेवून बसला होता. म्हणाला, "चाळीस सेकंद फिरली. चाळीस सेकंदांत अकरा वर्षं?"

उघडून बघितलं तर काय — पुस्तकं नाहीतच! पोपटाला पटकन सापडावीत म्हणून दादाने डेस्कटॉपवर पुस्तकांचे नुसते शॉर्टकट ठेवलेत. पुस्तकं आत दुसरीकडे. मी दारावरच्या पाट्या काढून आणल्या आणि घर तिथेच ठेवलं. सॉफ्टवेअर बिचारं खरंच बोलत होतं.

मी पडद्यावरची बरोबरची हिरवी खूण बघून खूश, आणि त्याने नुसत्या घरघरीवरून चोरी पकडली. लाज वाटली, अभिमान त्याहून जास्त वाटला.

१० फेब्रुवारी

दुसरं आज स्वतःहूनच बाद झालं. अपडेटनंतर पोपटाची वाचाच बसली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तिसरं. राखाडी खिडकी, जुन्या सरकारी अर्जासारखी. ना चित्र, ना रंग. पण पोपट प्रत्येक शब्द वाचतो! काय घेतलं, किती घेतलं, प्रत मूळ पुस्तकांशी ताडून पाहिली की नाही — सगळं सांगतं. डिस्क साडेतीन तास फिरली. दादा सगळा वेळ शेजारी बसून होता.

मग दादाने त्याची परीक्षा घेतली. भूमितीचं पुस्तक प्रतीतून वेगळ्या जागी परत आणलं, वर्तुळाचं पान ब्रेलमध्ये छापलं आणि तो बोटांनी वाचू लागला. अर्ध्यात थांबला.

"इथे एक टिंब चुकलंय," म्हणाला. "सहा वर्षांपूर्वीची माझीच चूक. प्रामाणिक आहे हो हे. चूकसुद्धा जशीच्या तशी आणली."

असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्या एका टिंबासाठी जेवण थांबवून त्याने पान सुधारलं.

१६ फेब्रुवारी

आनंदावर पाणी. मुख्य डिस्कच गेली तर कॉम्प्युटर पेनड्राइव्हवरून सुरू करावा लागतो — आणि तिथे पोपट नसतो. मुका पडदा. म्हणजे पुन्हा "चिमे."

दादाला हे सांगितलं. तो म्हणाला, "मग तू वाच, मी मोजतो."

२० फेब्रुवारी, गुरुवार

चार दिवस हेच. मी मुका पडदा वाचते, तो कीबोर्डवरची बटणं मोजतो आणि ब्रेलमध्ये टिपतो. टॅब तीनदा, एंटर. डिस्क कुरकुरेपर्यंत थांबायचं. खालचा बाण दोनदा, एंटर. असं एक पान झालं. आता त्याला ते पाठ आहे. तरी मी शेजारी उभी असते. शेजारी उभं राहून केलेलं काही खरं नसतं, हे दोघांनाही ठाऊक आहे.

कॉम्प्युटरच्या दुकानदाराकडून नवी कोरी डिस्कही आणून ठेवली.

२५ फेब्रुवारी

नकाराचं पत्र लिहून ठेवलं. पाठवलं नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी कामावरून आले तर कॉम्प्युटरचा डबा उघडा, स्क्रू वाटीत, आणि दादा छपाई करतोय. शांतपणे म्हणाला, "सकाळी डिस्क गेली. नवी बसवली. सगळं परत आलंय, बघ."

बघितलं. एकूण एक पुस्तक! एकट्याने, मुक्या पडद्यासमोर, बोटांनी मोजत. मला फोनसुद्धा केला नाही. मी रडले. तो म्हणाला, "चहा कर आधी, सकाळपासून घेतला नाही."

त्या राखाडी खिडकीला आणि तिच्यासमोर बसणाऱ्याला दंडवत.

२७ फेब्रुवारी

गेलेली डिस्क दुकानदाराकडे नेली, काही वाचतं का बघायला. त्याने लावून बघितली. म्हणाला, "ताई, हिला धाड भरलेली नाही. तुमच्या कॉम्प्युटरची तारच सैल असणार, म्हणून तो बंद पडायचा. ही तर कोणीतरी चांगली चालू असताना काढलीय."

घरी येऊन दादाला विचारलं. तो म्हणाला, "तू फोनवर बोलताना गॅलरीचं दार लावून घ्यायला लागलीस, तेव्हाच कळलं. दारापलीकडूनही मला ऐकू येतं. उद्या शेवटची तारीख ना? हो म्हण."