बूट रोडवरच राहिले

वाडी, नागपूर

माय,

तुह्या पायाले दुरूनच हात लावतो. फोनवर तुले नीट ऐकू येत नाही म्हणून लिहून राहिलो. शेजारच्या काजलकडून वाचून घेजो. मी मजेत हाये, दोन्ही टाइम जेवतो.

परवा एक गंमत झाली. अमरावती रोडवर बंद पडलेली एक गाडी आमच्या गॅरेजच्या क्रेननं ओढून न्यायची होती. गाडी काय, चाकावरचं घरच वं. आत शेगडी, पलंग, कोपऱ्यात देव. म्हातारे नवरा-बायको तिच्यात देश फिरून राहिले. हँडब्रेक सोडाले मी आत चढलो, ते बूट खाली काढून. काहून काढले, मलेच माहीत नाही. शेगडी दिसली, देव दिसले, अन् पाय आपोआप थांबले.

मागून ट्रकवाले हॉर्न वाजवून राहिले होते. घाईघाईत गाडी जोडली अन् निघालो. गॅरेजात उतरलो त पोट्ट्यायले हसू आवरेना. मी अनवाणी, बूट तिकडं रोडवरच.

आजीबाई मात्र हसल्या नाही. म्हणे, "बाबू, आतापर्यंत सारे मेकॅनिक बूट घालूनच चढले. घर समजणारा तूच पहिला." मंग त्यायनं आपल्या शेगडीवर चहा करून पाजला.

बूट सापडले, चिंता नको करू. तुहा गुडघा कसा हाये? तेल कोण लावून देते?

अन् रागावू नको, पण माह्या खोलीत मी बूट घालूनच जातो. तू एकदा ये इथं. मंग दाराबाहेर काढीन.

तुहा
जागेश्वर