दुमडलेल्या बाह्या

४ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. धाकटी बहीण बाळंतपणासाठी तुझ्याकडे पोचली, हे वाचून बरं वाटलं. मीही रजा घेऊन येते आहे. येताना झबलं, टोपरं आणि मोजे आण, तिच्या बाळाला होतील, असं तू लिहिलंस. आणते. पण घालायला देणार नाही. फोनवर तू रडतेस, मी गप्प बसते आणि माझं गप्प बसणं तू होकार समजतेस, म्हणून लिहिते आहे.

त्या कपड्यांसाठी मी पेटी करते आहे. फोटोच्या चौकटीसारखीच, पण खोल, पुढून काच. संग्रहालयात जुनी वस्त्रं जपायचं माझं काम तुला ठाऊक आहे. तिथे करतो तसंच. पाठीला आम्ल नसलेला पुठ्ठा, त्यावर धुतलेलं सुती कापड. डिंक नाही, टाचणी नाही. वाकड्या सुईने रेशमी धाग्याचे टाके, तेही जमेल तिथे तुझ्या शिवणीच्या भोकांतूनच. काच कापडाला टेकता कामा नये, म्हणून आतून कडेला पट्टी. लाकूड नवऱ्याने कापलं. एक कोपरा जुळत नव्हता, तो मी परत कापायला लावला.

पेटी मला आपल्या बैठकीतल्या भिंतीवर लावायची आहे. तिथे घरातल्या प्रत्येक मुलाचा फोटो आहे, माझा दात पडलेलासुद्धा. माझ्या मुलीचा नाही. दवाखान्यात कुणी काढला नाही. बरी होऊन घरी आली की काढू, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. फोटो आता मिळणार नाही. जागा मात्र मिळायला हवी.

विचारत नाही, कळवते आहे. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
मोजपट्टी


११ जानेवारी

चि. मोजपट्टीस,
अ. आ.

पत्र वाचलं. पुठ्ठा, पट्टी, वाकडी सुई, सगळं कळलं. सुतारालासुद्धा कुणी इतकं समजावत नाही. नाव ठेवलं ते उगीच नाही तुझं. नवरा गरीब गाय म्हणून कोपरा परत कापला. मी असते तर करवत तुझ्याच हातात दिली असती.

पण बाई, नको. आधी ऐकून घे. जन्मल्यापासून ती पोर दवाखान्यात काचेच्या पेटीत राहिली. आता तिचे कपडेही काचेत घालतेस? धाकटी अवघडलेली. उठता-बसता तिने ते बघायचं? शेजारच्या मास्तरीणबाई येतात, त्यांची नजर आधी भिंतीवर आणि मग माणसावर. हे कुणाचं, म्हणतील. मी काय सांगू? आणि तू काय, पेटी लावशील आणि रजा संपली की निघून जाशील. त्या भिंतीसमोर रोज भाजी निवडत मी बसते. बघायचं मला आहे.

झबलं मी शिवलं ते अंगात घालायला. एकदाच घातलं गेलं. दुसऱ्या लेकराच्या अंगावर गेलं तर शिवल्याचं चीज होईल. यात वाईट काय ते मला समजाव, टाक्यांचं नंतर सांग.

जेवणाच्या सुट्टीत जेवत जा. इथे तुझी वाट बघतो आहोत. भांडायला का होईना, ये.

तुझी,
आत्या


१९ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

वाईट काही नाही. पण मग ते धाकटीच्या बाळाचं झबलं होईल आणि माझ्या मुलीचं काहीच उरणार नाही. एवढंच.

काचेच्या पेटीचं म्हणशील, तर त्या पेटीत ती होती. मला पेटीची भीती वाटत नाही. मास्तरीणबाईंना काय सांगायचं ते तू बघ. तुला उत्तर सुचलं नाही, असं आजवर झालेलं नाही. तुला रोज बघावं लागेल, हे मात्र खरं. तरी पेटी तिथेच हवी.

आता कामाचं. माझ्याकडून एक चूक झाली. सपाट ठेवलेल्या कपड्याचं सूत घडीवर तुटतं, म्हणून आम्ही आत मऊ भरण घालून त्याला अंगाचा आकार देतो. नियमाप्रमाणे मी झबलं पूर्ण भरलं, बाह्यांसकट. सहकारी मागून आली आणि कौतुकाने म्हणाली, गुटगुटीत आहे गं, सहा महिन्यांची असेल. तू वाढत्या अंगाचं शिवलं होतंस, तेच मी विसरले. समोर एक दुसरीच मुलगी तयार झाली होती, आपल्याकडे कधीच न आलेली. मी सगळं भरण उपसून काढलं.

मला तिचं खरं माप हवं आहे. दवाखान्याच्या कागदावर वजन आहे. बाही किती दुमडली होती ते नाही. नळ्या काढल्यावर कपडे तू घातलेस. मला परिचारिकेने बाहेर बसवलं होतं, आणि बाहेर आणलं तेव्हा ती चादरीत गुंडाळलेली होती. बाह्या कशा दुमडल्यास, नाड्या कुठे बांधल्यास, टोपरं कुठवर आलं, ते लिही. पेटी नको असली तरी लिही. हे दुसऱ्या कुणालाच माहीत नाही.

माझा हट्ट आवडला नाही तरी मला टाकू नकोस.

तुझी,
मोजपट्टी


२७ जानेवारी

चि. मोजपट्टीस,
अ. आ.

तुझं पत्र मी उशीखाली ठेवलं होतं. धाकटीने काढून वाचलं. मला म्हणाली, ते झबलं माझ्या बाळाला घातलंस तर मी बाळ घेऊन सरळ सासरी निघून जाईन. आणि वर म्हणाली, बाळाला मोठी बहीण आहे, हे त्याला भिंतीवरून कळू दे. दोघी एकाच मुशीतल्या. वाढवल्या मीच, तक्रार कुणाकडे करू?

लिहून घे. बाह्या दोनदा दुमडल्या, आतल्या बाजूने. बाहेरून दुमडल्या की मनगटाला कड टोचते. तेव्हा टोचणार कुणाला, पण हाताची सवय. उजवी जरा जास्त, कारण त्या हातावर सुईची चिकटपट्टी राहिली होती, ती ओढायला माझं मन होईना. नाड्या पाठीवर नाही, बगलेत बांधल्या. टोपरं डोळ्यांवर येत होतं म्हणून मागे चुणी घेऊन एक टाका घातला. तो अजून असेल. उसवू नकोस. लांबीला ती माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. नखं वाढली होती. कापायची राहिली.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नाही.

खिळा ठोकला आहे. भिंतीच्या मधोमध. तुझा दात पडलेला फोटो खाली सरकवला, तिथे तो शोभत नव्हताच. हातोडीचा आवाज ऐकून मास्तरीणबाई आल्या, कोण लागतंय भिंतीवर म्हणाल्या. म्हटलं, आमची थोरली नात. त्यांनी पुढे काही विचारायला तोंड उघडलं, तशी मी भाजीची पाटी त्यांच्या पुढ्यात सरकवली. मुकाट्याने निवडून गेल्या.

एक आहे. त्या जागेवर दुपारचं ऊन येतं, आणि तुला उन्हाचं वावडं. आतल्या खोलीत सावली असते. म्हणशील तर तिथे दुसरा खिळा ठोकते. जे करायचं ते लवकर कळव, आणि येताना चेहरा थोडा हसरा आण.

तुझी,
आत्या


३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाह्या दोनदा, आतून, उजवी जास्त. तसंच केलं. टाका सापडला, उसवला नाही. भरण मूठभर लागलं. आता ती जेवढी होती तेवढीच दिसते. सहकारी परत येऊन उभी राहिली. या वेळी तिने सुईत धागा ओवून दिला.

उन्हाबद्दल. थेट ऊन पडणाऱ्या भिंतीवर कापड लावू नये, हा आमच्या कामातला पहिला नियम. नव्यांना तो मीच शिकवते. किरण अडवणारी काच घातली आहे, तरी रंग उतरणारच. आतल्या खोलीत पेटी जास्त वर्षं टिकेल, यात शंका नाही.

आतल्या खोलीत नको. दवाखान्यातल्या आतल्या खोलीत ती पुरेशी राहिली. त्या भिंतीवरचे सगळेच फोटो उडत चालले आहेत. माझ्या पडलेल्या दाताची फट तर आता दिसतही नाही. घरातल्या मुलांवर जे ऊन पडतं, ते तिच्यावरही पडू दे.

शनिवारी पोचते. खिळा हलवू नकोस. लोभ आहे हे कळलं. तो असाच राहू दे.

तुझी,
मोजपट्टी