बकरीच्या तोंडाचा घोडा

प्रिय बारके,

साठी आली तरी मी तुला बारकीच म्हणणार. ह्यांनी आपल्या सख्ख्या बहिणीला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. गुडघे कसे आहेत? फोनवर तू दर वेळी गुडघ्यांचंच सांगतेस आणि म्हणून येणं होत नाही म्हणतेस. हे होते तेव्हा दर रविवारी त्याच गुडघ्यांनी जिने चढायचीस आणि चपला काढायच्या आधी बुद्धिबळाचा पट मांडायला सांगायचीस. हे गेले आणि तुझं येणंच थांबलं. असो.

बातमी अशी की मी बुद्धिबळ शिकले. हस खुशाल. जन्मभर मी त्या मोहऱ्यांवरची फक्त धूळ पुसली. हे म्हणायचे, एवढी पुस्तकं वाचतेस, एकदा समोर बस की. मी म्हणायचे, मग दूध कोण बघणार? आता दूधच एवढंसं घेते की उतू जाऊन जाणार किती. वाचनालयातून पुस्तक आणलं. पुस्तक लिहिणारा सारखा म्हणतो, ‘येथे पांढऱ्याचा विजय उघड आहे.’ मला काही तो उघड दिसत नाही. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई ड्युटीवरून आल्या की माझ्याबरोबर बसतात. त्या हरल्या की त्यांचं डोकं दुखत असतं, मी हरले की पुस्तकाला नावं ठेवते. मधूनच मला वाटतं, ही चाल ह्यांना दाखवावी. मान वर होते, मग आपोआप खाली येते. तेवढं चालायचंच.

पण आपल्या मोहऱ्यांत एक पांढरा घोडा नव्हता. लेकाने सोफा सरकवला, फ्रिजखाली काठी फिरवली. एक चमचा निघाला आणि ह्यांचा कंगवा. घोडा नाही. तो म्हणाला, आई, चुंबकाचा नवा संच घेऊन टाकू. मी म्हटलं, एका घोड्यापायी सगळं सैन्य घरी बसवायचं का? मग घोड्याच्या जागी शिवताना बोटात घालायचं टोपण ठेवलं. नर्सबाई त्याला प्यादं समजून फसायच्या. शेवटी चिडल्या. म्हणाल्या, “ताई, हरायचं दुःख नाही हो, पण टोपणाकडून शह? मला घरी तोंड दाखवायचंय.”

म्हणून पलंगाचे पाय कातून देणाऱ्याकडे गेले. तो म्हणाला, “काकू, राजा मागा, वजीर मागा, लगेच देतो. घोडा लेथवर होत नाही. लेथवर होतं ते चहूकडून सारखं. घोड्याला एकाच बाजूला तोंड असतं.” तरी हौसेने पटाशी घेऊन बसला. चार दिवसांनी गेले, तर त्याने खालची बैठक सुरेख केलेली आणि वर चक्क बकरी. त्यालाही कळलं होतं. हळूच म्हणाला, “दाढी तासून टाकू का?” बारके, मी हसले ती हसतच सुटले. ह्यांच्या माघारी पहिल्यांदा. तिथल्या भुशातच बसले, डोळे पुसले. म्हटलं, दाढी राहू दे बाबा, अडीच घरं उडी मारली म्हणजे झालं.

आता हे पत्र कशासाठी, ते लिहिते. ह्यांच्या नंतर तू परत जायला निघालीस, तेव्हा पटापाशी उभी होतीस. तू घोडा उचललास तो मी दारातून पाहिला. तुला पाणी आणते म्हणून मी वळले ना, ते तुला तो पर्समध्ये ठेवायला सवड मिळावी म्हणून. पाणी तर तू नुकतंच प्यायली होतीस. मागितला असतास तर मी अख्खा पट बांधून दिला असता, हे तुला ठाऊक होतं, म्हणूनच मागितला नसशील. तुझ्या भावाचा हात लागलेलं काहीतरी तुला मुठीत हवं होतं. ते चोरणं नव्हे. तो घोडा तुझ्याकडेच ठेव, आणि त्यापायी माझं घर टाकू नकोस. आता इथले मोहरे पूर्ण आहेत. रविवारी ये. नर्सबाईंना त्या दिवशी येऊ नका म्हणून सांगितलं आहे. पांढरे मोहरे मात्र मी घेणार, त्यावर वाद घालायचा असेल तर इथे येऊन घाल.

तुझीच,
वहिनी