उरलेल्या प्रवेशाचा परवाना

प्रति,
मा. तालुका प्रमुख,
तालुका कचेरी, तेंगार बेट, रिआउ.

विषय : जत्रेतील नाटकाचा राहिलेला शेवटचा प्रवेश खेळू देण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कचेरीचा परवाना, जो नाटकाच्या आधी संपला.

महोदय,

सविनय अर्ज करण्यात येतो की,

१. अर्जदार खातान व त्याचा धाकटा भाऊ सामद हे वडिलांच्या नाटकमंडळीत वाढले. वडील वारल्यावर सामदने "दादाचा गळा गेला, त्याला आता मासे धरू दे" असे चारचौघांत म्हणून मंडळी ताब्यात घेतली. अर्जदाराचा गळा तेव्हाही शाबूत होता, आजही आहे. अर्जदार भांडला नाही. खाडीच्या तोंडाशी मासेमारीचे मचाण आहे, तिथे राहायला गेला तो गेलाच. तेव्हापासून दोघांत बोलणे नाही.

२. जत्रेत मात्र अर्जदारास बोलावणे येते, कारण जुन्या नाटकातला परागंदा राजा दुसऱ्या कोणाला जमत नाही. नाटकात धाकटा भाऊ राज्य बळकावतो. थोरला ओसाड बेटावर जादू शिकून त्याच्या राज्यातल्या विहिरी आटवतो. अखेर धाकटा तहानेने व्याकूळ होऊन पाया पडतो, आणि थोरला त्याला उठवून आपल्या हाताने पाणी पाजतो. धाकट्याचे काम सामद करतो. वर्षभरात दोघांचे बोलणे होते ते एवढेच, आणि तेही पाठ केलेले.

३. यंदा राणीचे गाणे फार लांबले. सामद मुखवटा काढून पाया पडायला निघाला, तोच आपले लिपिक श्री. हेर्मान यांनी "वेळ संपली, बाकीचं पुढच्या वर्षी" म्हणून दिवे बंद केले. वेळ संपली होती हे अर्जदारास मान्य आहे. राणीस कोणी आवरले नाही, हेही नमूद करावे.

४. आमच्याकडे मंत्र म्हणून सोंग अंगावर घेतात व शेवटच्या प्रवेशानंतरच उतरवतात. अर्जदाराचे सोंग उतरलेले नाही. त्यामुळे पाण्याचे हंडे असलेल्या होडीत त्यास कोणी घेत नाही. चहावाली माक लिजा म्हणते, "राजेसाहेब, तुम्ही बाहेरच बसा. आत आलात आणि माझी विहीर आटली म्हणजे?" ती हसत म्हणते, पण चहा बाहेरच देते. अर्जदारास एकटे राहण्याची सवय आहे; लोकांच्या देखत एकटे बसण्याची नाही.

५. जत्रेनंतर सामदने अंथरूण धरले. श्री. हेर्मान यांना विचारले असता ते म्हणाले, "आजोबा, सख्ख्या भावाकडे जायला परवाना कसला मागता? उठा आणि जा." सदर उत्तर अर्जदारास लागू पडत नाही. भाऊ म्हणून त्या दारात उभे राहून काय बोलायचे, ते अर्जदारास येत नाही. राजाचे बोलणे येते.

६. सामदची मुलगी नोर्लिया काल मचाणावर आली होती. "काका, बाबा आता घोटभर पाणीसुद्धा घेत नाहीत. सारखं दादा दादा चाललंय. आणि ते नाटकातलं नाही हं," असे ती म्हणाली. अर्जदाराने तिला मासे बांधून दिले.

७. तरी उरलेला प्रवेश सामदच्या घरी खेळण्यास परवानगी मिळावी. ढोल, दिवे, प्रेक्षक नकोत. सामदला उठवत नसेल तर त्याने पाया पडू नये. आवाज निघत नसेल तर त्याचेही बोलणे अर्जदारच म्हणेल. त्याने फक्त पाणी प्यावे. दरवर्षी राजा भावाला माफ करतो असे अर्जदार आजवर सर्वांना भासवत आला. ते खरे नव्हे. माफ अर्जदारच करत होता. सामदला हे कोणी सांगितलेले नाही.

८. परवान्यावर वेळेची अट नसावी. शिक्क्यास उशीर लागणार असल्यास नोर्लिया कचेरीच्या पायरीवर बसली आहे व अर्जदार धक्क्याला होडीत आहे. आपण तिच्याजवळ तोंडी नुसते "जा" म्हणालात, तरी अर्जदार ते लेखी धरील.

सोबत : मुदत संपलेला परवाना.

दिनांक : १२ सप्टेंबर

आपला नम्र,
खातान बिन जमहूर
(तूर्त परागंदा राजा)